चार वाजता विझणारे रंग

(आकाशवाणीवरून झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठाच्या कलासंग्रहालयात २०१४ च्या नोव्हेंबरपासून पुढच्या वर्षीच्या जुलैपर्यंत एक प्रदर्शन भरले होते. त्या दालनात रोज दुपारी चार वाजता एक साधीशी गोष्ट घडायची. भिंतींवर भलीमोठी पाच चित्रे होती, गडद किरमिजी आणि जांभळट रंगांची. चार वाजले की वर बसवलेले प्रोजेक्टर बंद केले जात आणि प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत त्या चित्रांमधला रंग निघून जाई. मागे उरत ते विटलेले कॅनव्हास. त्यांचा किरमिजी रंग कुठे फिका झालेला, तर कुठे चक्क निळसर पडलेला. मुद्दाम ही वेळ साधून लोक येत. रंग येताना पाहण्यापेक्षा रंग जाताना पाहण्यात काय असते, हे मला आज सांगायचे आहे.

आता, जी गोष्ट केवळ डोळ्यांनीच कळायची तिच्याबद्दल रेडिओवर बोलायचे म्हणजे थोडे धाडसच आहे. म्हणून सुरुवातीला आपणच घरी करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. रात्री खोलीतले दिवे घालवा. मोबाइलच्या विजेरीपुढे एक कंगवा धरा. समोरच्या भिंतीवर कंगव्याच्या दातांच्या सरळ रेघा पडतील. आता मध्ये एक पाण्याची घागर ठेवा. भिंतीवर सरळ असलेल्या रेघा घागरीच्या पोटावर वाकलेल्या दिसतील. प्रकाश तोच, कंगवा तोच. पण वस्तूच्या आकाराने नक्षी बदलली. एवढे झाले की आणखी एक करा. हळूच डोळा विजेरीच्या अगदी जवळ न्या आणि तिथून पाहा. वाकलेल्या रेघा पुन्हा सरळ दिसू लागतात. प्रकाश जिथून निघाला तिथूनच पाहिले, तर वस्तूचा उंचसखलपणा नक्षीला जणू लागतच नाही.

सपाट पडद्यावर चित्र पाडणे सोपे. पण घागरीवर, पुतळ्यावर, देवळाच्या कळसावर किंवा किल्ल्याच्या बुरुजावर हलते चित्र असे पाडायचे, की ते त्या वस्तूच्याच अंगावर उमटल्यासारखे वाटावे, हे अवघड काम. त्याला आज ‘प्रोजेक्शन मॅपिंग’ म्हणतात. लग्नाच्या केकपासून राजवाड्यांपर्यंत सगळीकडे ते चालते. त्याची सारी मेख घागरीवरच्या त्या रेघांमध्ये आहे. ती मेख माणसाच्या हाती यायला साडेतीनशे वर्षे लागली, आणि त्या कथेत आपल्या कल्याणचा आणि नाशिकचाही वाटा आहे.

कथेची सुरुवात हॉलंडमध्ये होते. ख्रिस्तियान हायगेन्स हे नाव विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना माहीत असते. शनीभोवतीचे कडे हे कडे आहे, हे ओळखणारा आणि लंबकाचे घड्याळ करणारा हा शास्त्रज्ञ. १६५९ साली त्याने आपल्या वहीत काही छोट्या आकृत्या काढून ठेवल्या. एक हाडांचा सापळा स्वतःची कवटी काढून हातात घेतो आणि पुन्हा मानेवर बसवतो, अशा त्या आकृत्या होत्या. काचेवर चित्र रंगवायचे, मागे दिवा ठेवायचा, पुढे भिंग लावायचे आणि भिंतीवर मोठे चित्र पाडायचे. यालाच पुढे ‘मॅजिक लँटर्न’, म्हणजे जादूचा कंदील, असे नाव पडले. ध्यानात घेण्याजोगी बाब ही, की पहिल्याच आकृतीत हालचालीची कल्पना होती. पडद्यावरचे चित्र हलायला हवे, ही ओढ सिनेमापेक्षा दोनशे वर्षांहून जुनी आहे.

गंमत अशी, की या शोधाची हायगेन्सला लाज वाटत असे. त्याच्या वडिलांनी फ्रान्सच्या राजदरबारी दाखवण्यासाठी असा एक कंदील मागवला. बापाला नाही म्हणवेना, आणि हायगेन्स घराण्याचा माणूस दरबारात असले खेळ दाखवतो हे पाहवेना. तेव्हा त्याने १६६२ मध्ये भावाला लिहिले, की कंदील पोहोचला की त्याची भिंगे काढून ठेव, म्हणजे तो बिघडला असे वाटेल. प्रकाशाने भुलवण्याबद्दलचा हा संकोच पुढेही अधूनमधून डोके वर काढतो. त्याच्याकडे आपण शेवटी पुन्हा येऊ.

हायगेन्सला जी लाज वाटली ती पुढच्यांना वाटली नाही. फ्रेंच राज्यक्रांतीनंतरच्या पॅरिसमध्ये रॉबर्टसन या नावाने वावरणाऱ्या एका बेल्जियन गृहस्थाने १७९८ पासून ‘फँटॅस्मॅगोरिया’ हा भुताखेतांचा खेळ सुरू केला. पुढच्याच वर्षी तो खेळ कॅपुचिन संन्याशांच्या ओसाड मठात हलवला. त्याने कंदिलाला चाके लावली आणि तो पडद्यामागे रुळांवरून पुढेमागे नेण्याची सोय केली. कंदील मागे सरके तसतशी आकृती मोठी होत जाई आणि अंधारात बसलेल्या प्रेक्षकाला ती अंगावर धावून आल्यासारखी वाटे. आणखी एक युक्ती आपल्या विषयाच्या दृष्टीने फार मोलाची. काही आकृत्या तो पडद्यावर न पाडता धुरावर पाडी. धूर हलला की चेहरा हले. ज्यांनी चार-पाच वर्षांपूर्वी गिलोटिनखाली गेलेली माणसे पाहिली होती, त्यांच्यापुढे धुरातून क्रांतीतल्या मृतांचे चेहरे येत. प्रकाशाला सपाट पडदा लागतोच असे नाही, हे रॉबर्टसनने दाखवून दिले होते.

हा कंदील मग जगभर फिरला. व्याख्याते, धर्मोपदेशक, शाळामास्तर, गारुडी, सगळ्यांच्या हाती तो पडला. आपल्याकडे त्याला खरे रूप दिले ते कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी. १८९२ मध्ये त्यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने खेळ सुरू केले. नावच किती झोकदार! पुराणातला शंबरासुर मायावी विद्येसाठी प्रसिद्ध. त्यावरून संस्कृतात ‘शांबरी’ म्हणजे माया, जादू. शांबरिक खरोलिका म्हणजे जादूचा दिवा. परदेशी यंत्राला नुसते परदेशी नाव न ठेवता त्याला आपल्या पुराणात जागा करून देणे ही त्या पिढीची रीत होती. काचेच्या छोट्या पट्ट्यांवर पटवर्धन आणि त्यांची मुले हाताने चित्रे रंगवीत. एकाच व्यक्तीच्या वेगवेगळ्या मुद्रा वेगवेगळ्या काचांवर काढायच्या आणि त्या झटपट बदलत जायच्या, म्हणजे पडद्यावरचे पात्र हालचाल करते आहे असे वाटे. सोबत निवेदन आणि गाणी असत. रामायण-महाभारतातले प्रसंग कंदिलाच्या उजेडात जिवंत होत. काचेवरचे चित्र तळहाताएवढे आणि पडद्यावरचे पुरुषभर उंच, त्यामुळे रंगवताना केसाएवढी चूक झाली तरी पडद्यावर ती बोटाएवढी होई. या कारागिरीला किती धीर लागत असेल, याची कल्पना करावी.

चार वर्षांनी, ७ जुलै १८९६ रोजी, मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफिती दाखवल्या गेल्या. सतरा वर्षांनी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला. चित्र खरोखर हलू लागले आणि काचेचे कंदील माळ्यावर गेले. सिनेमाने आपल्याला अपरंपार दिले, यात वाद नाही. पण एक गोष्ट त्याने हिरावूनही घेतली. प्रकाश आता चौकटीत बसला. पांढरा, सपाट, चौकोनी पडदा हेच त्याचे घर झाले. धुरावर चेहरा पाडणारी रॉबर्टसनची युक्ती सत्तरएक वर्षे जवळजवळ विस्मरणात गेली.

चौकट मोडली ती एका भुताच्या वाड्याने. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये ९ ऑगस्ट १९६९ रोजी ‘हाँटेड मॅन्शन’ खुले झाले. त्यात स्मशानाच्या देखाव्यात संगमरवरी वाटणारे पाच अर्धपुतळे आहेत आणि ते चक्क गातात. युक्ती साधी, पण कष्टाची. पाच गायकांचे चेहरे गाताना चित्रित केले आणि तीच फीत त्या पुतळ्यांच्या कोऱ्या चेहऱ्यांवर पाडली. अट एकच, की चित्रणाच्या वेळी गायकाने मान हलवायची नाही. ती जराशी हलली तर ओठ पुतळ्याच्या गालावर जातील! म्हणजे वस्तू स्थिर, प्रोजेक्टर स्थिर, आणि माणसालाही पुतळ्यासारखे स्थिर राहायचे. नक्षी वस्तूला जुळवून घेत नव्हती. माणसाला वस्तूशी जुळवून घ्यावे लागत होते.

यापुढचे पाऊल मायकेल नायमार्क या कलावंताने १९८० मध्ये उचलले. त्याने एक नेहमीची बैठकीची खोली मांडली. सोफा, टेबल, शोभेच्या वस्तू, सगळा संसार. खोलीच्या मध्यभागी हळूहळू फिरणाऱ्या पाटावर त्याने कॅमेरा ठेवला आणि त्या खोलीत वावरणाऱ्या दोन माणसांसह सारे चित्रित केले. मग त्याने एक अजब काम केले. सगळी खोली, तिच्यातल्या चीजवस्तूंसह, पांढऱ्या रंगाने फवारून काढली. कॅमेऱ्याच्या जागी प्रोजेक्टर ठेवला आणि तो त्याच गतीने फिरवत तेच चित्रण त्या पांढऱ्या खोलीवर पाडले. सोफ्याचा रंग सोफ्यावर, दिव्याचा दिव्यावर असा जागच्या जागी बसत गेला. प्रकाशाचा झोत खोलीतून फिरत जाई तसतशी प्रत्येक वस्तू क्षणभर आपला रंग परत मिळवी आणि पुन्हा पांढरी होई. ती दोन माणसे मात्र त्या खोलीत आता नव्हती. त्यांना फवारून पांढरे थोडेच करता येणार! त्यामुळे सोफा खराखुरा वाटे आणि माणसे भुतासारखी वाटत.

आता आपल्या घागरीकडे परत जाऊ. विजेरीच्या जागेवरून पाहिले की रेघा सरळ दिसतात. नायमार्कने नेमके हेच केले होते: ज्या जागेवरून पाहिले त्याच जागेवरून प्रकाश टाकला. कॅमेरा बाहेरचा प्रकाश आत घेतो. प्रोजेक्टर आतला प्रकाश बाहेर टाकतो. प्रोजेक्टर म्हणजे उलटा कॅमेराच. दोघे एका जागी ठेवले की हिशेब आपोआप जुळतो. पण म्हणून दर वेळी खोली आधी चित्रित करायची, मग ती रंगवायची, आणि कॅमेऱ्याच्या जागी प्रोजेक्टर केसभरही न ढळता ठेवायचा, हे किती वेळा जमणार? शिवाय फितीवर एकदा उमटलेली नक्षी बदलायची कशी?

इथे संगणक आला. पूर्वी नक्षी काचेवर रंगवलेली असे, नंतर ती फितीवर छापलेली असे. आता ती आकड्यांची झाली. द्रवस्फटिकांचे प्रोजेक्टर आले. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीतल्या लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये नखाएवढ्या चिपवर सूक्ष्म आरशांची जाळी बसवण्याची युक्ती शोधली आणि १९९६ पासून अशा आरशांचे प्रोजेक्टर बाजारात येऊ लागले. १०२४ आडवे आणि ७६८ उभे असे बिंदू धरले तर ७,८६,४३२ आरसे होतात. यातला प्रत्येक आरसा केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान आणि सेकंदाला हजारो वेळा कलणारा. प्रत्येक बिंदूला ‘तू उजळ, तू मंद हो’ असे वेगवेगळे सांगता येऊ लागले आणि हे सांगणे क्षणोक्षणी बदलताही येऊ लागले. पटवर्धनांच्या घरात एकेक काच रंगवायला जो वेळ लागत असेल, तेवढ्यात हे यंत्र लक्षावधी चित्रे बदलते.

अमेरिकेतल्या चॅपेल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात काही संशोधक यावर काम करत होते. त्यात एक मराठी तरुण होता. रमेश रास्कर मूळचे नाशिकचे, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे पदवीधर. चित्रपट काढणारे फाळके त्र्यंबकेश्वरचे आणि चित्र पडद्याबाहेर काढणारे रास्कर नाशिकचे, हा योगायोग आपण कौतुकाने लक्षात ठेवायला हरकत नाही. १९९८ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘भविष्यातले ऑफिस’ अशी एक कल्पना मांडली. छतावरचे दिवे काढून त्या जागी प्रोजेक्टर आणि कॅमेरे बसवायचे. प्रोजेक्टर खोलीवर पट्ट्यापट्ट्यांची नक्षी टाकील, कॅमेरा त्या पट्ट्या कुठे किती वाकल्या हे पाहील, आणि त्यावरून संगणक खोलीचा आकार काढील. आपल्या घागरीचाच प्रयोग, फक्त डोळ्याच्या जागी कॅमेरा. पण सतत पट्टे पडत राहिले तर माणसे काम कशी करणार? त्यावर त्यांची तोड अशी: एक नक्षी टाकायची आणि निमिषार्धात तिची नेमकी उलटी नक्षी टाकायची. काळ्याच्या जागी पांढरे, पांढऱ्याच्या जागी काळे. डोळा दोन्हींची बेरीज करतो आणि त्याला नुसता पांढरा उजेड दिसतो. कॅमेऱ्याला मात्र नक्षी दिसते.

त्याच मालिकेतले पुढचे काम २००१ साली प्रसिद्ध झाले. त्याला ‘शेडर लॅम्प्स’ असे नाव दिले होते. त्यासाठी निवडलेल्या वस्तूंपैकी एक होती ताजमहालाची प्रतिकृती. तिला पांढरा रंग फवारला आणि दोन बाजूंनी दोन प्रोजेक्टर लावले. प्रतिकृतीचा त्रिमिती आराखडा संगणकात होता. घुमटाचे टोक, मिनाराचे टोक, चौथऱ्याचा कोपरा असे काही बिंदू निवडायचे, आणि प्रोजेक्टरचा कुठला ठिपका त्या बिंदूवर बरोबर पडतो हे एकदा शोधून काढायचे. तेवढ्यावरून, हा प्रोजेक्टर उलटा कॅमेरा मानला तर तो नेमका कुठे उभा आहे आणि कुठे पाहतो आहे, हे गणिताने निघते. नायमार्कने जे हाताने जुळवले होते ते इथे गणिताने जुळले. दोन्ही झोत जिथे एकमेकांवर पडतात तिथे उजेड दुप्पट होऊ नये म्हणून एकाचा मंद करत दुसऱ्याचा वाढवायचा, हेही गणितच. मग पांढऱ्या प्रतिकृतीवर संगमरवर चढला, जाळ्या उमटल्या. खोलीत सूर्य नसताना ऊन पडले आणि सावल्या सरकू लागल्या. त्याच वर्षी त्यांच्याच गटाने, हातात धरून फिरवता येणाऱ्या वस्तूवर प्रकाशाच्या कुंचल्याने रंग भरून दाखवले. वस्तू हलली की रंगही तिच्याबरोबर हले. गायकाने मान हलवायची नाही, ही बत्तीस वर्षांपूर्वीची अट आता उरली नव्हती.

तेव्हापासून या विद्येचा सुळसुळाट झाला. दिल्लीच्या लाल किल्ल्यापासून सिडनीच्या ऑपेरा हाउसपर्यंत भिंती नाचू लागल्या, कोसळू लागल्या, त्यांच्यावर वेली चढू लागल्या. हे पाहताना आपण हरखतो, आणि हरखावेच. पण एक प्रश्न मनात येतो. किल्ल्याच्या भिंतीवर इतका उजेड ओतला, की प्रेक्षक घरी काय घेऊन जातो? किल्ला, की उजेड? तटबंदीचे दगड कसे बसवले आहेत, दरवाजा आत वळवून का बांधला आहे, हे त्या रंगांच्या पुराखाली दिसते का? वस्तू नुसता पडदा झाली, तर मग तिथे कोणतीही पांढरी भिंत चालली असती. हायगेन्सची लाज आठवते ती इथे.

भिंतीला पडदा न समजता भिंतीशीच बोलणारी माणसेही होऊन गेली. क्रिस्तोफ वोडिच्को हा मूळचा पोलंडचा कलावंत. १९८५ मध्ये लंडनच्या ट्रफाल्गार चौकात नेल्सनच्या स्तंभावर चित्रे पाडण्याची परवानगी त्याला मिळाली होती. शेजारीच दक्षिण आफ्रिकेची वकिलात. त्या देशात तेव्हा वर्णद्वेषाचे राज्य होते. वोडिच्कोने एक प्रोजेक्टर वळवला आणि वकिलातीच्या दर्शनी त्रिकोणावर नाझींचे स्वस्तिक पाडले. दोनएक तासांनी पोलिसांनी ते बंद करवले. इमारतीला ओरखडाही गेला नव्हता, तरी त्या इमारतीकडे पूर्वीसारखे पाहणे अवघड झाले. त्यानेच १९९९ च्या ऑगस्टमध्ये हिरोशिमात, अणुबॉम्बने भग्न झालेल्या घुमटाखालच्या नदीकाठच्या बांधावर, बॉम्बमधून वाचलेल्या माणसांचे फक्त हात दाखवले. बोलताना हलणारे हात आणि सोबत त्यांचे आवाज. वर तो घुमट, आणि खाली त्याला हात फुटलेले. दोन्ही वेळा प्रकाशाने वास्तू झाकली नाही. ती काय आहे ते सांगितले.

आता चार वाजले आहेत असे समजा, आणि हार्वर्डच्या त्या दालनात परत चला. ती चित्रे मार्क रॉथको या नामांकित अमेरिकन चित्रकाराची. विद्यापीठाच्या एका इमारतीतल्या भोजनगृहासाठी त्याने ती १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला रंगवली आणि १९६४ मध्ये ती तिथे लागली. भोजनगृहाला मोठमोठ्या खिडक्या होत्या. रॉथकोने वापरलेल्या रंगांमध्ये ‘लिथॉल रेड’ नावाचा एक तांबडा रंग होता, जो उन्हात झपाट्याने विटतो. खिडक्यांतून ऊन येत राहिले, जेवणावळी होत राहिल्या, आणि काही वर्षांत किरमिजी रंग उडून गेला. १९७९ मध्ये चित्रे उतरवून अंधाऱ्या कोठीत ठेवून दिली. चित्रकार १९७० मध्येच वारला होता.

त्यांच्यावर पुन्हा रंग देता आला नसता का? देता आला असता. पण रॉथकोच्या चित्रांवर व्हार्निशचा थर नाही. वर चढवलेला नवा रंग खालच्या रंगात मिसळला असता आणि त्याच्या कुंचल्याचे फटकारे दुसऱ्याच्या हाताखाली कायमचे गाडले गेले असते. केलेले परत फिरवता आले नसते. संवर्धनातल्या अशा चुकीची किंमत आपण जाणतो. अजिंठ्याच्या चित्रांच्या रक्षणासाठी निजामाच्या सरकारने १९२०च्या सुमारास इटलीहून जाणकार आणवले होते. त्यांनी चांगल्या हेतूने लाखेचे व्हार्निश दिले. काळाच्या ओघात ते पिवळे पडले, काळवंडले, आणि पुढच्या पिढ्यांतल्या संवर्धकांना ते कणाकणाने काढत बसावे लागले.

हार्वर्डच्या तज्ज्ञांनी दुसरा मार्ग निवडला. त्यात एमआयटीचे संशोधकही होते, आणि त्यांच्यात रमेश रास्करही होते. १९६४ मध्ये काढलेल्या या चित्रांच्या रंगीत पारदर्शिका होत्या. त्यांचाही रंग उडाला होता. आधी तो संगणकाने दुरुस्त केला. शिवाय याच मालिकेतले एक सहावे चित्र रॉथकोने भिंतीवर लावलेच नव्हते. ऊन न लागल्याने त्याचे रंग शाबूत होते, त्याच्याशी ताडून पाहता आले. मग आजच्या विटलेल्या कॅनव्हासचे छायाचित्र घेतले आणि प्रत्येक बिंदूला विचारले: तू तेव्हा कसा होतास, आज कसा आहेस, आणि तुझे किती हरवले? जे हरवले तेवढेच, त्या बिंदूपुरतेच, रंगीत प्रकाशाच्या रूपात त्याच्यावर टाकले. वीस लाखांहून अधिक बिंदू. ज्या प्रकाशाने रंग नेला, त्याच प्रकाशाकरवी तो परत आणवला. आणि चित्राला बोटही लागले नाही.

फ्रान्समधल्या आमियां शहरातल्या कॅथीड्रलचीही अशीच कथा. १९९०च्या दशकात तिथल्या दर्शनी मूर्ती लेझरने स्वच्छ करताना जुन्या रंगांचे अंश सापडले. मध्ययुगात हे कॅथीड्रल रंगीत होते! दगडावर रंग फासण्याऐवजी त्यांनी रात्री त्या मूर्तींवर प्रकाशाने रंग चढवायला सुरुवात केली. दिवसा दगड, रात्री रंग. शतकांनी काय कमावले आणि काय गमावले, दोन्ही पाहायला मिळते.

एक सावधगिरी इथे सांगितलीच पाहिजे. प्रकाश हाताळत नाही म्हणून तो निरुपद्रवी असतो असे नाही. रॉथकोचा तांबडा रंग प्रकाशानेच नेला होता. अजिंठ्यासारख्या नाजूक चित्रांवर प्रखर झोत टाकण्याची कल्पनाही कोणी करू नये; असले प्रयोग प्रतिकृतीवर करावेत, ताजमहालाच्या बाबतीत झाले तसे.

आणि म्हणूनच ते चार वाजणे मला महत्त्वाचे वाटते. संग्रहालयाला प्रोजेक्टर बंद होईपर्यंत चालू ठेवता आले असते. लोक डोळे निववून गेले असते. पण मग ती गोड फसवणूक ठरली असती. रोज ठरल्या वेळी दिवा घालवून संग्रहालय सांगत होते, की पाहिलेत ते आमचे अनुमान होते. हे राहिले आहे ते खरे चित्र, आणि त्याचे असे झाले ते आमच्याच खिडक्यांमुळे. दिवा घालवणे हा खेळाचा शेवट नव्हता, तो कबुलीजबाब होता.

शंबरासुराची माया आणि आजची ही विद्या यांत फरक करायचा तर तो इथेच करता येईल. माया सरल्यावर हाती काही उरत नाही. इथे प्रकाश विझल्यावर वस्तू उरते, आणि आपण तिच्याकडे आधीपेक्षा जरा निरखून पाहू लागतो. पुढे कधी एखाद्या किल्ल्यावर, देवळावर असा रंगांचा खेळ पाहायला गेलात, तर शेवटची टाळी वाजल्यावर लगेच वाहनतळाकडे धावू नका. दिवे मालवल्यावर दोन मिनिटे तिथेच थांबा. अंधाराला डोळे सरावू द्या आणि त्या उघड्या दगडांकडे पाहा. ते पूर्वीपेक्षा जवळचे वाटले, तर खेळ करणाऱ्याने आपले काम चोख केले असे समजावे.